मऊ भाताच्या आड

गोंदिया जिल्ह्यातल्या आमगावकडच्या घरांत साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या दातांचा विषय निघाला की उत्तर तयार असते. वय झाले, दात जाणारच. भात खाता येतो ना, मग अडते कुठे? हे बोलणे मायेपोटी असते, समजूत घालणारेही असते. पण त्यातली दोन्ही विधाने तपासायला घेतली तर टिकत नाहीत. दात वयामुळे जात नाहीत. ते रोगांमुळे, हयगयीमुळे आणि तंबाखू-सुपारीमुळे जातात. आणि भात खाता येतो म्हणून चावता येते असे सिद्ध होत नाही. उलट भातामुळेच चावण्याचे बळ ओसरल्याचे वर्षानुवर्षे कुणाच्या ध्यानात येत नाही.

माझे म्हणणे असे आहे : म्हातारपणी तोंडात किती दात उरले याहून चावण्याचे बळ किती उरले हा प्रश्न मोठा आहे. चालणे, पाहणे, ऐकणे यांच्याइतकीच ती शरीराची मूलभूत क्षमता आहे. ती मोजता येते, टिकवता येते, काही अंशी परतही मिळवता येते. गोंदिया जिल्ह्यासारख्या धानाच्या मुलखात ती मोजण्याची गरज अधिक आहे, कारण इथले ताट तिची घट झाकून ठेवते.

१. बळ येते कुठून

चावताना दातांवर पडणारे बळ न्यूटन या एककात मोजतात. सुदृढ तरुणाच्या दाढांमध्ये ते कमाल ५०० ते ७०० न्यूटनपर्यंत जाते, म्हणजे ५० ते ७० किलो वजनाच्या तोडीचे. रोजच्या जेवणात त्यातला लहानसा हिस्साच खर्ची पडतो, बाकीचे गंगाजळीत असते. म्हणूनच घट सुरू झाली तरी पुष्कळ काळ काही जाणवत नाही, आणि जाणवते तेव्हा गंगाजळी आटलेली असते.

हे बळ तीन गोष्टींवर उभे असते. पहिली, समोरासमोर भिडणाऱ्या दातांच्या जोड्या. वरची दाढ शाबूत आहे पण तिच्याखालची काढून टाकली आहे, अशा वेळी तोंडात एक दाढ असूनही चावण्याच्या कामी ती शून्य ठरते. वरचे सगळे दात असलेल्या आणि खालचे सगळे गेलेल्या माणसाच्या दातांची संख्या कागदावर बरी दिसते. चावणे मात्र संपलेले असते. जर्मन दंतवैद्य आइख्नर यांनी १९५५ मध्येच दातांची वर्गवारी संख्येऐवजी दोन्ही जबड्यांच्या मागच्या बाजूंना मिळणाऱ्या आधारावर केली, ती याच कारणाने. आपल्याकडे आधी दाढाच किडतात आणि दुखल्या की काढल्या जातात. सर्वात जास्त भार त्याच पेलतात. समोरचे दात दिसत राहतात, म्हणून घरच्यांना वाटते की दात आहेत.

दुसरी गोष्ट स्नायूंची. जबड्याच्या कोनावर बोटे ठेवून दात घट्ट आवळले की बोटांखाली एक गोळा फुगतो. तो चावण्याचा मुख्य स्नायू. दुसरा कानशिलावर जाणवतो. दोन्ही बाजूंना हात लावून वृद्ध माणसाला दात आवळायला सांगा. गोळा नीट फुगतो की नुसती हालचाल जाणवते, एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी आहे का, हे कुणालाही कळते. वय वाढते तसा हा स्नायू बारीक होतो, आणि दात गेलेल्यांमध्ये तो अधिक बारीक झालेला आढळतो. दात गेले की माणूस मऊ खातो, मऊ खाल्ल्याने स्नायूला काम राहत नाही, काम नसल्याने तो आणखी बारीक होतो.

तिसरी गोष्ट संवेदनेची आणि ओलाव्याची. दाताचे मूळ हाडाला ज्या तंतूंनी बांधलेले असते त्यांत दाब ओळखणाऱ्या मज्जातंतूंची टोके असतात. भातातला बारीक खडा दाताखाली येताच जबडा क्षणात थांबतो, तो यांच्यामुळे. दात काढला की ही जाणही जाते. जीभ घास फिरवते, लाळ तो बांधते. रक्तदाब, नैराश्य, ॲलर्जी यांवरच्या अनेक औषधांनी लाळ कमी होते, आणि आपल्याकडच्या वृद्धांच्या औषधाच्या डब्यात त्यातले एखादे तरी असते.

२. दात वयाने जात नाहीत

दात जाण्याची मुख्य कारणे दोन : कीड आणि हिरड्यांचा रोग. दोन्ही टाळता येतात, दोन्ही थांबवता येतात. वय वाढल्यावर हिरड्या मागे सरतात, मुळे उघडी पडतात आणि मुळावर कीड धरते. लाळ कमी असेल तर ती लवकर पसरते. मधुमेह असेल तर हिरड्यांचा रोग बळावतो, आणि हिरड्यांचा रोग असेल तर साखर आटोक्यात ठेवणे अवघड जाते. वय इथे निमित्त आहे. कारण म्हणून त्याच्याकडे बोट दाखवले की उपाय करण्याची जबाबदारी संपते.

याचा सर्वात भक्कम पुरावा जपानने दिला. १९८९ मध्ये तिथले आरोग्य मंत्रालय आणि दंतवैद्यांची संघटना यांनी '८०२०' मोहीम सुरू केली : ८० व्या वर्षी स्वतःचे २० दात. त्या वेळी हे साधलेले ऐंशीचे लोक शंभरात दहाही नव्हते. २०१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात हे प्रमाण निम्म्यावर गेले. ऐंशी वर्षे तेव्हाही ऐंशीच होती. बदलली ती दातांची निगा, तपासणीची सवय आणि दात काढण्याआधी वाचवण्याचा आग्रह. एका पिढीत एवढा फरक पडत असेल, तर 'वय झाले' या उत्तराला आधार उरत नाही.

३. खर्रा, गुडाखू आणि आवळत जाणारा जबडा

झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या धानाच्या पट्ट्यात, या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. पानठेल्यावर सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटला जातो आणि खर्र्याची पुडी हाती येते. ती गालात धरून तासन् तास चघळतात. छत्तीसगडच्या सीमेलगतच्या गावांत गुडाखू आहे : तंबाखू आणि गुळाच्या काकवीची लुकदी, जी बोटाने दातांना आणि हिरड्यांना घासतात. दाढदुखी थांबते म्हणून ती सुरू होते आणि सवय जडली की सुटत नाही. बायांमध्येही ती आहे. २०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातले साधारण एक चतुर्थांश प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते. राज्याने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, पण खर्रा ठेल्यावर डोळ्यांदेखत घोटला जातो.

चावण्याच्या बळावर याचा घाला तिहेरी आहे. जिथे पुडी धरली जाते तिथली हिरडी मागे सरते आणि मूळ उघडे पडते. कडक सुपारीने दाढांचे माथे झिजून सपाट होतात. आणि तिसरा घाव सर्वात वाईट : सुपारीमुळे गालाच्या आतल्या मऊ अस्तरात तंतूंचे पट्टे धरतात, अस्तर ताठ आणि पांढुरके होते, तिखट सोसवत नाही, आणि तोंड उघडणे कमी कमी होत जाते. सुदृढ माणसाच्या तोंडात त्याची स्वतःची तीन बोटे उभी मावतात. या रोगात दोन, मग एक. अशा तोंडात दात सगळे असले तरी घास जात नाही, दंतवैद्याची उपकरणेही जात नाहीत, आणि पुढे कवळी घालणे-काढणेही कठीण होते. सुपारी कर्करोगाला कारण ठरते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्ये निःसंदिग्धपणे नोंदवले आहे. आपण खर्र्याकडे कर्करोगाच्या भीतीनेच पाहतो. कर्करोग न झालेल्या हजारोंचे चावणे तो काढून घेतो, याचा हिशेब कुणी मांडत नाही. आज चाळिशीत असलेली खर्रा खाणारी पिढी वीस वर्षांनी वृद्ध होईल, तेव्हा तिचा प्रश्न आजच्या आजोबांच्या प्रश्नापेक्षा अवघड असेल.

४. भात काय झाकतो

ज्वारीच्या भाकरीच्या मुलखात दाढा गेल्या की पहिल्याच आठवड्यात बोभाटा होतो. भाकरी तुटत नाही, माणूस ती कालवणात कुस्करतो, सुनेच्या लक्षात येते. धानाच्या मुलखात तसे होत नाही. भात, पेज, वरणाचे पाणी, चहात बुडवलेले बिस्किट यांवर दिवस निघतो आणि ताट भरलेलेच दिसते.

त्या ताटातून काय गेले ते पाहावे. आधी फुटाणे आणि शेंगदाणे जातात. मग पोपटाच्या शेंगा, काकडी-मुळा, पेरू. मग मटण आणि काटेरी मासे. पालेभाजीतले देठ बाजूला काढले जातात, मग पालेभाजीच नको होते. उरतो तो भात. आता हिशेब करू. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने प्रौढांसाठी शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली आहे. ५० किलोच्या माणसाला सुमारे ४२ ग्रॅम. दिवसाला ३०० ग्रॅम कोरडा तांदूळ शिजवून खाल्ला तरी त्यातून सुमारे २४ ग्रॅमच मिळतात, आणि तांदळाच्या प्रथिनात लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी पडते. बाकीचे डाळ, चणे, दूध, अंडी, मासे यांतून यायला हवे. वरणाचे दाट जाऊन पाणी उरले की ते येत नाही. पोट भरते, स्नायू उपाशी राहतात. मांडीचा स्नायू झिजला की पायरी चढवत नाही; मुठीचा झिजला की बादली उचलवत नाही; जबड्याचा झिजला की उरलेसुरले चावणेही जाते. घरचे म्हणतात, आजी थकली. आजीच्या थकव्याचे एक मूळ तिच्या तोंडात असू शकते, याचा शोध कुणी घेत नाही.

५. जाते ते फक्त जेवण नव्हे

जपानमधल्या काशिवा शहरात सुमारे दोन हजार वृद्धांचा काही वर्षे मागोवा घेतला गेला. उरलेले दात, चावण्याची क्षमता, जिभेचे बळ, शब्द उच्चारण्याची चपळाई, कडक खाताना आणि गिळताना होणारा त्रास अशा सहा निकषांपैकी तीन किंवा अधिक ज्यांचे घसरले होते, त्यांच्यात पुढे शारीरिक दुर्बलता, स्नायूंची झीज आणि मृत्यू यांचा धोका दुपटीहून अधिक आढळला. असे अभ्यास कार्यकारणाचा शेवटचा शब्द सांगत नाहीत. गरिबी आणि आजारपण दोन्ही बाजूंना हात घालून असतात. पण इशारा पुरेसा स्पष्ट आहे.

तोंडाच्या स्वच्छतेचा पुरावा याहून थेट आहे. जपानमधल्याच ११ वृद्धाश्रमांत दोन वर्षे केलेला प्रयोग १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे कर्मचारी वृद्धांचे तोंड रोज नीट साफ करत, तिथे न्यूमोनिया ११ टक्क्यांना झाला. जिथे तसे केले जात नव्हते, तिथे १९ टक्क्यांना. तोंडातले जंतू गिळताना श्वासनलिकेत उतरतात, हे त्यामागचे कारण. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे तोंड पुसणे हा औषधोपचाराचाच भाग आहे.

आणि एक नुकसान आकड्यांत बसत नाही. लग्नाच्या पंगतीत बसायला नको म्हणणारा, चारचौघांत खाताना तोंडावर हात धरणारा, हळू खावे लागते म्हणून सगळे उठल्यावर जेवणारा म्हातारा माणूस हळूहळू घरातल्या बोलण्यातूनही बाजूला पडतो.

६. चार आक्षेप

*'आमचे आजोबा बिनदातांचे नव्वद वर्षे जगले.'* जगले असतील. हिरड्या घट्ट होतात आणि मऊ घास त्यांनी कुस्करता येतो. पण जे सत्तरीतच खंगून गेले, त्यांचे उदाहरण द्यायला कुणी नसते. जे टिकले तेवढ्यांवरून नियम काढणे चूक आहे. शिवाय बिनदातांनी जगता येते का, हा वादाचा मुद्दाच नाही. किती बळाने आणि किती मानाने जगता येते, हा आहे.

*'कवळी बसवली की झाले.'* कवळी उपकारक आहे. चेहरा, बोलणे, जेवण तिन्ही सुधारते. पण तिचा भार हाडात रुतलेल्या मुळांवर पडत नाही, हिरडीच्या नाजूक कातडीवर पडतो. पूर्ण कवळी वापरणाऱ्याचे बळ नैसर्गिक दातांच्या साधारण चौथ्या-पाचव्या हिश्शावर येते. दात गेल्यावर हाड झिजत राहते, खालच्या जबड्याचे अधिक. म्हणून खालची कवळी सैल होते, टोचते आणि शेवटी डब्यात जाऊन पडते. खालच्या जबड्यात दोन इम्प्लांट बसवून त्यांवर कवळी अडकवली तर पकड पुष्कळ वाढते, पण तो खर्च इथल्या बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेर आहे. आणि नवी कवळी आली तरी जुनी खाण्याची सवय आपोआप बदलत नाही. काय खायचे हेही सांगावे लागते. म्हणून वाचवता येणारा दात काढू नये आणि कवळी दिली तर तिची देखभालही द्यावी.

*'मऊ पण सकस खाल्ले की बळाची गरज काय?'* हा आक्षेप सर्वात विचार करण्याजोगा आहे, आणि अर्धा खराही आहे. ज्यांचे चावणे परत येणार नाही त्यांच्यासाठी तोच मार्ग आहे : दाट वरण, अंडी, दही, काटे काढलेला मासा, शेंगदाण्याचा कूट, कुटलेली जवसाची चटणी, बारीक चिरून शिजवलेली भाजी. पण घरोघरी मऊ करणे म्हणजे पातळ करणे असते, आणि सकसपणा त्या पाण्यात वाहून जातो. शिवाय मऊ आहार हा चावणे गेल्यानंतरचा उपाय आहे. चावता येणाऱ्याला आधीच त्यावर ठेवले तर आपणच त्याचा स्नायू झिजवतो.

*'तालुक्याच्या ठिकाणी पैसा कुठून आणायचा?'* यातले बरेचसे स्वस्त आहे. फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट आणि मऊ ब्रश महाग नाहीत. मुळावरची कीड थोपवणारे सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे औषध कुंचल्याने लावायचे असते. ड्रिल लागत नाही, भूल लागत नाही. कीड काळी पडते आणि थांबते. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. महाग पडते ते दुर्लक्ष : दाढ काढणे एका खेपेत होते म्हणून स्वस्त वाटते, पण त्या दाढेबरोबर तिच्या जोडीदाराचेही काम जाते.

७. आमगावात काय करता येईल

पहिले, विचारणे. आशा ताई तीस वर्षांवरील लोकांचा समुदाय-आधारित मूल्यांकन नमुना भरतात, त्यात तोंड उघडायला त्रास होतो का, तोंडात न भरणारी जखम आहे का, असे प्रश्न कर्करोगासाठी असतात. साठीपुढच्यांना आणखी एक विचारावा : सहा महिन्यांपूर्वीपेक्षा कडक खाणे जड जाते का? जपानच्या वृद्धांच्या तपासणीत हा प्रश्न २००६ पासून आहे. इथे तो इथल्या भाषेत विचारावा : फुटाणे चावता का? दोन्ही बाजूंनी चावता का? 'भात खाता का' असे मात्र विचारू नये; त्याचे उत्तर नेहमी 'हो' येणार.

दुसरे, मोजणे. जपानमध्ये २०१८ पासून तोंडाच्या कार्यक्षमतेची घट हे निदान आरोग्य विम्यात समाविष्ट आहे. सात तपासण्यांपैकी तीन घसरल्या तर उपचार सुरू होतात, आणि विशिष्ट फिल्मवर मोजलेले चावण्याचे बळ २०० न्यूटनखाली असणे ही त्यातली एक. तशी यंत्रे उद्या इथे येणार नाहीत. पण भिडणाऱ्या जोड्या मोजणे, स्नायू हाताने चाचपणे, तीन बोटांची चाचणी आणि वजनाची नोंद यांना यंत्र लागत नाही. आरोग्यवर्धिनी केंद्रांच्या बारा सेवांत मौखिक आरोग्य आणि वृद्धांची काळजी दोन्ही आहेत. त्यांची सांगड घालायची आहे.

तिसरे, कवळी देण्याची रीत बदलणे. १ एप्रिल २०१७ रोजी सुरू झालेल्या केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेच्या यादीत काठी, चष्मा, श्रवणयंत्र यांच्याबरोबर कवळीही आहे. पण काठी शिबिरात एका दिवसात वाटता येते, कवळी येत नाही. माप, चाव्याची नोंद, चाचणी, बसवणे आणि मग टोचते तिथे घासून देणे, एवढ्या खेपा होतात. आमगावच्या माणसाला दर खेपेला गोंदियाला, क्वचित दीडशे किलोमीटरवरच्या नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात जावे लागले, आणि मधे रोवणी किंवा कापणी आली, तर सोबत यायला घरात माणूस नसतो आणि कवळी अर्ध्यात राहते. ठरलेल्या वारी फिरते पथक तालुक्याला यावे आणि त्याच रुग्णांना पुन्हा पुन्हा भेटावे. कवळ्या किती वाटल्या याऐवजी वर्षभरानंतर किती तोंडात आहेत, हा आकडा मागावा.

चौथे, घरचे काम. वृद्धांची तोंडाची स्वच्छता झोपण्यापूर्वी करून घ्यावी, कवळी रात्री काढून धुऊन पाण्यात ठेवावी, गुडाखूच्या जागी पेस्ट आणावी, आणि ताटात भातासोबत दाट काय आहे ते रोज पाहावे.

वृद्धांच्या सेवेची परीक्षा आपण किती काठ्या वाटल्या, किती चष्मे दिले यांवर घेतो. त्या यादीत हे एक जोडावे : तालुक्यातला सत्तरीचा माणूस स्वतःच्या ताटातले काय काय चावू शकतो. रक्तदाब मोजणाऱ्या यंत्रणेला हा प्रश्न विचारायला एक मिनिट पुरते. तो विचारला जात नाही, कारण उत्तर आपल्याला ठाऊक आहे असे आपण धरून चाललो आहोत. ते ठाऊक नाही, आणि त्या अज्ञानाची किंमत तालुक्यातले वृद्ध आपल्या शरीराने मोजत आहेत.